स्वातंत्र्याचे ध्येय आणि कारभाराचा हिशेब : स्कॉटलंडचा धडा

स्कॉटलंड हा देश महाराष्ट्रास अगदीच अपरिचित नाही. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे दोघेही स्कॉटिशच. परंतु त्या देशाच्या अर्वाचीन राजकारणाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक तेथील इतिहासाने एक असा प्रश्न पुढे मांडला आहे की, ज्याचा विचार कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या सभासदांनी अवश्य करावा. ज्या पक्षाने स्वातंत्र्याचे निशाण खांद्यावर घेतले आहे, तोच पक्ष अधिकारारूढ झाला असता त्याच्या रोजच्या कारभाराचा जाब कोणी व कसा विचारावा, हाच तो प्रश्न होय.

इ. स. १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांचे एकीकरण होऊन एडिंबरो येथील स्वतंत्र पार्लमेंट संपुष्टात आले. १९३४ साली स्कॉटिश नॅशनल पार्टी स्थापन झाली. तथापि अनेक वर्षे तिला फारसे बळ नव्हते. १९९७ च्या सार्वमतात सुमारे ७४ टक्के मतदारांनी स्वतःच्या कायदेमंडळाची मागणी मान्य केली आणि १९९९ साली १२९ सभासदांचे नवे पार्लमेंट भरले. कोणत्याही एका पक्षास सहजासहजी निर्भेळ बहुमत मिळू नये, अशीच तेथील मतदानपद्धती आहे.

बेहिशेबी कारभार ही काही एकाच पक्षाची मिरास नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मजूर पक्षाच्या अमदानीत नव्या पार्लमेंटची इमारत बांधावयास घेतली, तेव्हा आरंभीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंडांचा होता. २००४ साली ती उघडली, आणि अखेरचा खर्च ४१ कोटी पौंडांच्याही वर गेला. त्याची रीतसर चौकशी झाली व तिचा अहवाल लोकांपुढे आला.

२००७ साली नॅशनल पार्टी ४७ जागा मिळवून, म्हणजे मजूर पक्षापेक्षा केवळ एक जागा अधिक घेऊन, सत्तेवर आली. ॲलेक्स सॅमंड हे मुख्यमंत्री झाले. बहुमत नसल्याने त्यांना प्रत्येक गोष्ट इतरांस पटवून द्यावी लागे. जानेवारी २००९ मध्ये अंदाजपत्रकावर ६४ विरुद्ध ६४ अशी मते पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते फेटाळले गेले. तडजोड करून ते पुढील आठवड्यात संमत करून घ्यावे लागले. दुर्बळ सरकार हे कित्येकदा अधिक सावध सरकार असते, याचा हा दाखला होय.

२०११ साली ६९ जागा जिंकून त्याच पक्षाने निर्भेळ बहुमत मिळविले आणि स्वातंत्र्याचे सार्वमत अपरिहार्य झाले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी झालेल्या या सार्वमतात जवळजवळ ८५ टक्के लोकांनी मतदान केले. १६ व १७ वर्षांच्या मुलामुलींसही मताधिकार होता. सुमारे ५५ टक्के मते स्वातंत्र्याविरुद्ध व ४५ टक्के अनुकूल पडली. पराभव झाला खरा, परंतु त्यामुळे पक्ष खचला नाही. उलट २०१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या स्कॉटलंडमधील ५९ जागांपैकी ५६ जागा त्यास मिळाल्या.

येथेच खरी अडचण उत्पन्न झाली. त्याच वर्षी पोर्ट ग्लासगो येथील गोदीला बेटांकडे जाणाऱ्या दोन प्रवासी नौका बांधण्याचे ९ कोटी ७० लक्ष पौंडांचे काम देण्यात आले. काम फसल्यास पैसा परत मिळण्याची नेहमीची संपूर्ण हमी गोदी देऊ शकत नव्हती. तरीही मंत्र्यांनी मान्यता दिली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पहिल्या नौकेचे जलावतरण झाले, तेव्हा तिच्या कित्येक खिडक्यांच्या जागी नुसता काळा रंग दिलेला होता. २०१९ साली गोदी सरकारला स्वतःकडे घ्यावी लागली. २०१८ मध्ये मिळावयाची ती नौका जानेवारी २०२५ मध्ये उतारूंच्या सेवेत आली, आणि खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला. बेटांवरील रहिवाशांना तोवर जुन्या, वारंवार नादुरुस्त होणाऱ्या नौकांवर दिवस काढावे लागले.

असे असूनही २०१६ व २०२१ च्या निवडणुकांत तोच पक्ष पहिला आला. कारण मतदार नौकांवर मत देत नव्हते, ते स्वातंत्र्यावर देत होते. विरोधी हुजूर पक्षानेही ‘दुसरे सार्वमत नको’ याच घोषणेवर आपली मते वाढविली. एका बाजूने ध्येयासाठी दोष पोटात घातले; दुसरीने दोषांचा उपयोग ध्येयास हाणण्यापुरता केला. बेटांवरील उतारू मात्र दोघांच्याही हिशेबात मागे राहिला.

मग जाब विचारला कोणी? कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या महालेखापरीक्षकाने. हमीवाचून धोका पत्करण्याचा निर्णय मंत्र्यांनी का घेतला, हे स्पष्ट करणारे पुरेसे कागदपत्र उपलब्ध नाहीत, असे मार्च २०२२ च्या अहवालात नमूद झाले. एवढी मोठी रक्कम खर्ची पडावी आणि त्याचे कारण दप्तरी नसावे, यासारखी गंभीर गोष्ट दुसरी कोणती?

अखेर मतदारांनीही विवेक केला. जुलै २०२४ मध्ये पक्षाच्या ब्रिटिश पार्लमेंटमधील जागा ४८ वरून ९ वर आल्या. स्वातंत्र्यास अनुकूल असलेल्या लोकांचे प्रमाण मात्र तितके घटले नाही, असे त्या काळच्या मतचाचण्या दाखवीत होत्या. ध्येयावर श्रद्धा ठेवूनही ध्येयाच्या कारभाऱ्यास शासन करता येते, हे सामान्य मतदाराने दाखवून दिले.

आपल्या ज्ञातिबांधवांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वसतिगृह असो वा शिष्यवृत्तीचा निधी असो, कार्याच्या पावित्र्यामुळे त्याचा जमाखर्च आपोआप पवित्र होत नाही. हिशेब मागणारा सभासद कार्याचा वैरी समजला जाऊ नये, आणि हिशेब मागणाऱ्यानेही कार्य मोडण्याच्या बुद्धीने तो मागू नये. निर्णय कोणी व का घेतला, हे इतिवृत्तात लिहून ठेवण्याची शिस्त आपण सर्वांनी पाळली, तर पुढील पिढ्यांना आपल्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण उरणार नाही.