घरगुती कॅमेरा-साधनांची परंपरा : कोल्हापूरचा कॅमेरा ते पीव्हीसी पाईप

प्रस्तावना :
चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने दिग्दर्शक, कलावंत व निर्मितिसंस्था यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. साधने आणि ती घडविणारे हात त्यात दुय्यम राहिले. हाताशी असलेल्या वस्तूंपासून अल्प खर्चात बनविलेल्या साधनांकडे तर केवळ तात्पुरती सोय म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात अशा साधननिर्मितीचे दोन टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कोल्हापूरचा कॅमेरा :
दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी मात्र कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. 1920 चा 'सैरंध्री' हा त्याचाच परिपाक होय.

या कामाचे मोल यंत्राची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 चित्रे घेतली जात. प्रत्येक चित्रासाठी फिल्म भिंगामागे क्षणभर स्थिर करणे, झडप उघडून मिटणे आणि मगच फिल्म पुढे सरकविणे आवश्यक असे. यात किंचित चूक झाली तरी पडद्यावरील चित्र थरथरे. कच्ची फिल्म परदेशातूनच येत असे. म्हणजे स्वावलंबनाला मर्यादा होती, परंतु यंत्राचे मर्म येथील कारागिरांनी आत्मसात केले होते. पुढे 1929 मध्ये स्थापन झालेल्या 'प्रभात'च्या संस्थापकांत दामले होते, ही बाब लक्षणीय आहे.

पीव्हीसी पाईपचा टप्पा :
अमेरिकन छायाचित्रकार गॅरेट ब्राउन यांच्या स्टेडिकॅमने 1976 च्या 'रॉकी'सारख्या चित्रपटांतून चालत्या कॅमेऱ्याला स्थैर्य दिले. पण हे उपकरण सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. 1995 मध्ये डिजिटल व्हिडिओचा डीव्ही प्रकार आल्यावर लहान कॅमेरे हौशी चित्रकारांच्या हाती आले, मात्र त्यांना आधार देणारी व्यावसायिक साधने महागच राहिली. ही उणीव नळकामाच्या पाईपने भरून काढली.

पीव्हीसी पाईप ठरावीक व्यासात मिळतो, करवतीने कापता येतो आणि एल्बो व टी यांनी हव्या त्या कोनात जोडता येतो. सोल्युशन न लावल्यास सांगाडा पुन्हा सुटा होतो. कॅमेऱ्याखाली दांडी जोडून तिच्या टोकाला वजन लावले की गुरुत्वमध्य खाली येतो व हाताचे हेलकावे कमी जाणवतात. दोन समांतर पाईपांचे रूळ करून त्यांवर कोनात बसविलेल्या चाकांची फळी सरकविली की ट्रॉली तयार होते. अर्थात लांब पाईप भाराने वाकतो. म्हणून त्याला मधून आधार द्यावा लागतो.

तुलना :
कोल्हापुरात कारागिरी कॅमेऱ्याच्या अंतर्भागात होती. पीव्हीसीच्या टप्प्यात ती बाहेरच्या सांगाड्यात आली. पहिल्या टप्प्यात चित्र घेणारे यंत्रच घडवावे लागले, दुसऱ्यात ते विकत मिळाले व केवळ त्याची हालचाल साधायची राहिली. दुसरे काम तुलनेने सोपे असल्याने ते अधिक लोकांना जमले. मात्र यंत्राच्या गाभ्यावरील ताबा कारखान्यांकडे गेला. ही प्राप्ती आणि ही हानी एकत्रच मोजावी लागते.

निष्कर्ष :
1. घरगुती साधननिर्मिती ही चित्रपट-इतिहासातील एक परंपरा आहे. तिला अपवाद मानणे योग्य नाही.
2. साधन स्वस्त झाल्याने चित्रीकरणाचा अधिकार विस्तारतो, पण त्यामुळे तंत्रज्ञानाचे ज्ञान विस्तारतेच असे नाही.
3. वापरून मोडीत निघणारी अशी साधने संग्रहालयात क्वचितच पोहोचतात. त्यांची मोजमापे, छायाचित्रे व ती घडविणाऱ्यांच्या मुलाखती वेळीच नोंदविल्या नाहीत, तर कारागिराविना लिहिलेला इतिहासच पुढील पिढीच्या हाती येईल.