निधीसाठी पदयात्रा : चालून पैसे कसे उभे राहतात?

एखाद्या सामाजिक कामासाठी लांबचे अंतर पायी चालणे आणि त्या निमित्ताने लोकांकडून देणगी मिळवणे, याला निधी-पदयात्रा किंवा 'चॅरिटी वॉक' म्हणतात. गावातल्या मदतफेरीत कार्यकर्ते डबा घेऊन दारोदार जातात. निधी-पदयात्रेत बहुतेक देणगीदार घरीच असतात. चालणारा किती अंतर चालणार हे आधी जाहीर करतो आणि त्याचे परिचित दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल करतात.

हिशेब कसा असतो?

कराड ते कोयनानगर हे अंतर रस्त्याने सुमारे 55 किलोमीटर आहे. 100 जणांनी किलोमीटरमागे 10 रुपये कबूल केले आणि चालणाऱ्याने अंतर पूर्ण केले, तर 55,000 रुपये जमतात. प्रवास, जेवण, मुक्काम आणि सोबतच्या गाडीचा खर्च त्यातूनच केला, तर मूळ कामाला बरेच कमी उरते. म्हणून हा खर्च चालणाऱ्याने स्वतः करावा किंवा त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधावा आणि तसे आधीच सांगावे.

ही कल्पना आली कुठून?

चालत जाऊन दान मागण्याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण रायगड जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भावे यांचे आहे. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन कुटुंबांनी 80 एकर जमिनीची गरज सांगितली. विनोबांनी ती गावासमोर मांडताच रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. पुढे भूदानासाठी विनोबा तेरा वर्षे देशभर पायी फिरले. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते, मिळाली 40 लाख एकरांहून थोडी अधिक. त्यातलीही बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा कागदपत्रांत अडकलेली निघाली आणि भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. दान मिळणे आणि दान पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भूदानाचा धडा पैशांनाही लागू पडतो.

आजच्या स्वरूपातील प्रसिद्ध उपक्रम म्हणजे 'ट्रेलवॉकर'. हाँगकाँगमध्ये 1981 साली गुरखा सैनिकांचा सराव म्हणून तो सुरू झाला आणि 1986 मध्ये सामान्य नागरिकांना खुला झाला. चार जणांच्या चमूने 100 किलोमीटर 48 तासांत चालायचे आणि ऑक्सफॅम या संस्थेसाठी निधी जमवायचा, असे त्याचे स्वरूप. भारतातही तो भरवला गेला आहे.

कोणत्या कामासाठी उपयोगी?

तातडीच्या मदतीसाठी पदयात्रा उपयोगाची नाही, कारण तयारीलाच दोन-तीन महिने जातात. कोयना परिसराने 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पाहिला. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील मिरगाव, आंबेघर आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी पहिल्या आठवड्यात धान्य, कपडे, ताडपत्र्या लागतात. मुलांचे शिक्षण, शाळेची दुरुस्ती, दीर्घ उपचार या गरजा मात्र बातम्या थांबल्यावरही उरतात. निधी-पदयात्रा त्यांच्यासाठी करावी.

मार्ग आणि हंगाम

कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटमार्गे चिपळूण हे अंतर जवळपास 100 किलोमीटर भरते. मात्र हा वाहतुकीचा रस्ता आहे. घाटातल्या वळणांवर रात्री चालणे टाळावे, अंगावर चमकणारे जाकीट घालावे आणि पोलिसांना आधी कळवावे. जून ते सप्टेंबर इथे मुसळधार पाऊस असतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, म्हणून जंगलातल्या वाटेसाठी वन विभागाची परवानगी लागते.

सराव किमान दोन-तीन महिने आधी सुरू करावा आणि अंतर दर आठवड्याला थोडे वाढवावे. नवे बूट प्रत्यक्ष यात्रेत पहिल्यांदा घालू नयेत. फोड येऊन चालणे थांबते ते बहुधा त्यामुळेच.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-क नुसार गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतात. स्वतःच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा करण्यापूर्वी याच कार्यालयात चौकशी करावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगणे. संस्थेला आयकर कायद्यातील देणगी-सवलतीसाठीची मान्यता असेल, तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला सवलत मिळते. मात्र 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही.

चालून झाल्यावर

बरेच जण शेवटच्या ठिकाणी फोटो काढून थांबतात. खरे तर देणगीदाराला पत्र तेव्हाच जायला हवे : किती कबूल झाले, किती आले, कोणत्या संस्थेला कधी दिले आणि त्यातून काय झाले. एवढे चार आकडे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा मागताना संकोच वाटत नाही.