तीन पत्तीतला एक्का वेगळा, टॅरोचा वेगळा! रीलवर दिसणाऱ्या चार एक्क्यांचा अर्थ काय?

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की जळगाव-धुळ्याच्या गावागावात माहेरवाशिणींचे झोके बांधले जातात आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. तीन पत्तीत तीन एक्के हातात आले की विषयच संपला, त्याच्यावर दुसरं पान नाही.

हाच एक्का इन्स्टाग्रामवरच्या टॅरो रीलमध्येही निघतो. पण तिथे तो जिंकल्याची खूण नसतो. टॅरोत एक्का म्हणजे फक्त सुरुवात. बघणाऱ्यांची गल्लत नेमकी इथेच होते.

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. मुळात हा पंधराव्या शतकातला इटलीतला खेळ. १७८१ मध्ये फ्रान्समधल्या कूर द जेबलँ यांनी यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय, असं लिहिलं. गंमत म्हणजे तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. पण भविष्य सांगण्याचा धंदा तोवर सुरू झाला होता.

आज सर्वाधिक दिसणारी चित्रं १९०९ ची, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली. त्यांच्या चारही एक्क्यांवर ढगातून एक हात बाहेर येतो आणि काहीतरी पुढे करतो. छडी असेल तर नवं काम, उत्साह. पेला असेल तर प्रेम, नातं. तलवार म्हणजे स्पष्ट विचार, एखादं कटू सत्यही. नाणं म्हणजे पैसा, नोकरी, जमीन. आपल्या पत्त्यांत हेच अनुक्रमे किलवर, बदाम, इस्पिक आणि चौकट मानतात. पान उलटं आलं, तर सुरुवात अडली किंवा लांबली असं वाचतात.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, ‘कापूस आता विकू की भाव वाढेपर्यंत घरात ठेवू?’ आणि नाण्याचा एक्का निघाला. सांगणारा म्हणेल, पैसा येतोय. पण टॅरोच्याच नियमाने याचा अर्थ एवढाच, की पैशाची संधी समोर आहे. विकणं ही संधी आणि थांबणं हीसुद्धा संधीच! उत्तर पत्त्याने दिलेलं नाही, सांगणाऱ्याने भरलंय. आजचा हमीभाव, सीसीआयचं केंद्र कधीपर्यंत सुरू आहे, कर्जाचं व्याज किती चढतंय, घरात पडून कापसाचं वजन किती घटतंय, यातलं काहीच त्या पानावर नसतं.

मग सांगितलेलं इतकं पटतं कसं? १९४८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातला बराचसा मजकूर ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता.