आधी आखलेल्या भिंती

इ. स. 1862 मध्ये नागपुरापासून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा आरंभी पुलगावनजीकच्या कवठ्याच्या मुख्यालयातून चालत असे; पुढे 1866 मध्ये पालकवाडी नावाची लहानशी वस्ती उठवून तिच्या जागी सरळ व रुंद रस्त्यांचे वर्धा शहर सरकारने वसविले, तेव्हा माणसे येण्याच्या आधीच नगराची आकृती कागदावर निश्चित झाली होती.

भोवतालच्या खेड्यांची रीत याच्या उलट होती. शेताची ती काळी आणि घरांची ती पांढरी, असा भेद मानणाऱ्या या मुलखात भिंतीची माती बहुधा गावठाणाचीच असे, कारण कपाशीला मानवणारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. एक थर घालावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा चढवावा. खिडकीची जागा पुष्कळदा भिंत कमरेपर्यंत आल्यावरच ठरत असे.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी सेगावात आले, ते याच रीतीच्या मुलखात. गावाची मालगुजारी मुख्यत्वे जमनालाल बजाजांची होती. घर मात्र स्थानिक सामग्रीचे, स्थानिक मजुरांच्या हातचे आणि अल्प खर्चाचे असावे, अशी गांधीजींची अट असल्याने मालगुजाराच्या ऐपतीला तेथे फारसा वाव उरला नाही. आधी आदिनिवास नावाचे घर उभे राहिले. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या असलेल्या मीराबेन यांनी स्वतःसाठी जी कुटी बांधविली, तीच पुढे गांधीजी राहावयास गेल्यावर बापूकुटी म्हणून प्रसिद्धीस आली. लाकूड, बांबू, माती आणि वर कवेलू, एवढाच तिचा सरंजाम. भिंतीवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडे व चरखा उठविला, आणि पुढे गरज पडेल तशी कुटीत भर पडत गेली. (सेगावची टपाल शेगावला जाऊ लागली म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले, हा टपालखात्याचा इतिहासावरील उपकारच म्हणावयाचा!)

भिंत आधी पुरती आखून घेण्याची रीत मात्र दुसरीकडे वाढत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट एकेन यांनी काँक्रीटची भिंत आडवी ओतून मग उभी करण्याची युक्ती रूढ केली होती, आणि 1914 मध्ये अर्व्हिंग गिल यांनी ला होया येथील स्त्रियांच्या क्लबाची इमारत त्याच पद्धतीने बांधली. आज अशी ओतून उचलावयाची भिंत प्रथम संगणकात उभारतात: दारे-खिडक्या, सळ्या, उचलण्याचे आकडे, गुरुत्वमध्य, क्रेनची जागा, भिंतीचा कोणता तुकडा केव्हा उभा करावयाचा, या सर्वांचा निवाडा आधीच व्हावा लागतो, कारण उचलतानाचा ताण पुष्कळदा भिंतीच्या पुढील साऱ्या आयुष्यातील ताणाहून अधिक असतो, आणि छताशी बांधली जाईपर्यंत तिला तिरप्या टेकूंचा आधार लागतो. ओतलेल्या काँक्रीटमध्ये खिडकी मागाहून सरकविता येत नाही.

या शिस्तीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. सेवाग्रामच्या भिंतीला पावसाळ्यापूर्वीची डागडुजी आणि वारंवारचे सारवण चुकत नाही, आणि ते श्रम कोणाच्या तरी, बहुधा स्त्रियांच्याच, माथी पडत आले आहेत. कुटीच्या साधेपणाची स्तुती करणारे हा हिशेब क्वचितच मांडतात. विचारवंत इव्हान इलिच यांनी जानेवारी 1978 मध्ये सेवाग्रामात बापूकुटीवर जे भाषण केले, तेही अशाच भावुकतेचा आधार होऊन बसले आहे. परंतु वर्ध्याची काळी जमीन काँक्रीटलाही सोडीत नाही. पायाखालची माती ओलीनुसार वरखाली होते, आणि जी फरसबंदी भिंत ओतण्याचा ओटा म्हणून सपाट हवी, तिच्याच तळाशी हे चालते. तेव्हा संगणकातील आकृतीपूर्वी मातीची परीक्षा करणे येथे अपरिहार्य ठरते. देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले, तेव्हा त्यांनी ही परीक्षा दुसऱ्या बाजूने आरंभिली: कुंभाराच्या चाकावर होणारी शंक्वाकार कौले एकात एक गुंतवून कमानदार छत कसे पेलता येईल, याचे प्रयोग तेथे झाले, आणि त्यात मापाची काटेकोरी आधी लागे, तरी कौल घडविणारा कुंभार गावचाच असे.