चौमहल्ल्यातील पिवळी मोटार

केंद्र सरकारच्या सेवेत बदली ही पाचवीला पुजलेली. त्या निमित्ताने जी शहरे पाहिली, त्यांत हैदराबाद आम्हांस परके वाटले नाही. मराठवाड्यातील आमच्या वाडवडिलांची राजधानी एकेकाळी तीच होती. चारमिनारपासून जवळच असलेल्या चौमहल्ला राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तेथील पिवळ्या रोल्स रॉइस मोटारीपुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

सन १९१२ ची ही ‘सिल्व्हर घोस्ट’. या जातीच्या एका मोटारीने १९०७ साली सुमारे १५,००० मैलांची दौड करून टिकाऊपणाची ख्याती मिळविली होती. त्या काळी कारखाना केवळ सांगाडा व इंजिन देई; वरचा साज निराळे कारागीर चढवीत. या मोटारीचा साज लंडनच्या बार्कर कंपनीचा. वर घुमट, आत उंच आसन. जणू हत्तीवरील अंबारीच चाकांवर उतरली!

मोटार मागविली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये ते निवर्तले आणि ती लाभली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांस. समारंभापुरतीच ती बाहेर पडे, त्यामुळे तिची एकूण वाटचाल काहीशे मैलांचीच झाली. धावण्यासाठी घडविलेले यंत्र दर्शनापुरते उरले.

या वैभवामागे रयतेचे श्रम होते, हे विसरता येत नाही. ‘सर्फेखास’ म्हणजे निजामांची खासगी जमीन. तिचा वसूल त्यांच्या खासगी खजिन्यात जाई. मराठवाड्यातही अशी गावे होती. याच निजामांच्या काळात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ही गोष्ट मोठीच. परंतु शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलास मायबोलीतून उच्च शिक्षणाची सोय नव्हती. भाषा जपली ती घराघरांतून.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. अनेक मराठी कुटुंबे मात्र हैदराबादेतच राहिली. मोटारही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. पुढे जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा झळकू लागली.

त्या मोटारीविषयी आमच्या मनात आता राग नाही, आणि दिपून जाणेही नाही. तिला जपणे योग्यच. त्यामुळे कारागिरांचे कसब दिसते आणि गतकाळाचा हिशेबही डोळ्यांपुढे राहतो. मात्र मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी एक विचार मनात येतो. मोटार न चालविताही जपता येते. भाषेचे तसे नाही. ती घरात, मुलांच्या तोंडी, रोज चालती राहिली तरच टिकते.