हौशी वादक आणि घरी बनविलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे साधारणपणे वादक, त्याचे घराणे आणि वाद्य घडविणारा कारागीर यांचा विचार केला जातो. विसाव्या शतकात विजेवर चालणारी वाद्ये आली आणि या तिघांच्या जोडीला कंपनी आली. त्यानंतरचा इतिहास म्हणजे फेंडर, गिब्सन, मूग, रोलँड या नावांची वंशावळ, असे समीकरण जणू रूढ झाले. या वंशावळीत हौशी वादकाला स्थान आहे ते केवळ ग्राहक म्हणून. प्रत्यक्षात तो जुना रेडिओ उघडतो, सर्किटचे आराखडे उतरवून घेतो आणि कोणत्या ट्रान्झिस्टरचा आवाज गोड यावर मित्रांशी तासन्‌तास वाद घालतो. कंपन्यांच्या इतिहासातील काही निर्णायक टप्पे अशाच हौशी मंडळींच्या टेबलावर घडले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

छापील आराखड्याचा प्रवास

रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास थेरेमिन हे स्पर्शाविना वाजणारे वाद्य तयार केले. यात उच्च वारंवारतेचे दोन दोलक असतात. त्यांच्या वारंवारतांमधील फरक तेवढा आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो. वादकाचा हात अँटेनाजवळ गेला की एका दोलकाची वारंवारता बदलते व स्वर सरकतो. १९२९ मध्ये आरसीए कंपनीने हे वाद्य बाजारात आणले. परंतु ते महाग होते, वाजविण्यास कठीण होते आणि मंदीचा काळही त्याच सुमारास सुरू झाला. बाजाराच्या दृष्टीने थेरेमिन तेथेच संपले.

हौशी मंडळींनी मात्र ते संपू दिले नाही. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट मूग या चौदा वर्षांच्या मुलाने १९४९ मध्ये एका नियतकालिकातील आराखड्यावरून थेरेमिन बनविले. त्याचे वडील वीज कंपनीत अभियंता होते आणि घरातच त्यांची छोटी कार्यशाळा होती. पाच वर्षांनी, १९५४ मध्ये, मूग यांनी स्वतःचा आराखडा एका रेडिओविषयक मासिकात छापला. १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनवर त्यांचा आणखी एक लेख आला आणि जोडणीसंचांची मागणी इतकी वाढली की राहत्या घरातूनच सुमारे हजार संच विकले गेले.

हर्बर्ट ड्यूश हे संगीतशिक्षक व संगीतकार मूग यांच्या आराखड्यावरून थेरेमिन तयार करणाऱ्यांपैकीच एक होते. १९६३ च्या अखेरीस रॉचेस्टर येथील संगीतशिक्षकांच्या संमेलनात दोघांची भेट झाली. बोलणे सुरू झाले ते या थेरेमिनवरून. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून विद्युतदाबाने नियंत्रित होणारे दोलक व ध्वनिवर्धक तयार केले. मूग सिंथेसायझरचा प्रारंभ तो हाच. पाठ्यपुस्तके १९६४ पासून हा इतिहास सुरू करतात. त्यामागील पंधरा वर्षांचे हौशी वाचन आणि सोल्डरिंग त्यातून गळून पडते.

बिघाडाचा स्वीकार

विद्युत गिटारच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. अभियंत्यांच्या दृष्टीने ध्वनिवर्धकाचा आदर्श म्हणजे शुद्ध, अविकृत ध्वनी. वादकांना मात्र विकृतीच आवडू लागली. लिंक रे यांनी १९५८ च्या सुमारास स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस यांनी तोच पडदा पात्याने चिरला. दरम्यान नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण यंत्रात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटका उमटला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम देणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले. गिब्सनने १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या पायाने दाबावयाच्या पेटीच्या रूपात विक्रीस आणले. आरंभी तिला फारसे कोणी विचारले नाही; १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ती घरोघरी पोहोचविली.

अशा सर्किटमध्ये मोजकेच भाग असत. त्यामुळे हौशी वादकांनी ते सहज उतरवून घेतले. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा गुणधर्म नगागणिक व तापमानानुसार बदलतो. एकाच आराखड्याच्या दोन पेट्या सारख्या वाजत नाहीत. थंड खोलीत छान वाजणारी पेटी दिव्यांखाली बिघडते. वादकांच्या गप्पांमधील अंतहीन वादाचे मूळ येथे आहे. त्यातील बराचसा भाग श्रद्धेचा असतो हे खरे, पण सगळाच नाही. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या खोलीत अशी एक पेटी जोडली होती. तिच्यातून गिटारबरोबर आकाशवाणीच्या बातम्याही ऐकू येत. धातूचे आवरण सर्किटच्या ऋण टोकाशी जोडायचे राहून गेले होते, हा धडा नंतर मिळाला.

शेकोटीचे लाकूड, भंगारातील रेडिओ

लंडनजवळ राहणाऱ्या ब्रायन मे या विद्यार्थ्याला फेंडरची गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने गिटार बनविण्यास घेतली. कामाला सुमारे दोन वर्षे लागली. दांड्यासाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले. त्यातील किडीची भोके आगकाड्यांनी बुजविली. स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातील, तर पट्टीवरील खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांच्या. पिकअपही घरीच गुंडाळले होते, परंतु तार ओढताच विचित्र आवाज येई. अखेर ते तेवढे विकत आणावे लागले. घरगुती निर्मितीचा गौरव करताना ही माघारही नोंदविली पाहिजे. पुढे ‘क्वीन’ या त्यांच्या वाद्यवृंदातील बास वादक जॉन डीकन यांनी १९७२ च्या सुमारास भंगारात सापडलेला सर्किट बोर्ड एका लहान स्पीकरच्या पेटीत बसविला. बॅटरीवर चालणाऱ्या या ध्वनिवर्धकाला एकही बटण नव्हते. मे यांच्या गिटारचे अनेक थर त्यातूनच ध्वनिमुद्रित झाले.

ज्यांच्या घरी असे वडील नव्हते त्यांना छापील साहित्याने आधार दिला. क्रेग अँडर्टन यांचे वादकांसाठी लिहिलेले इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांचे पुस्तक १९७५ मध्ये आले. ते वाचकाला संगीत येते पण सोल्डरिंग येत नाही, असे गृहीत धरून चालते.

मुंबईच्या संदर्भात

१९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांमुळे आपल्याकडे घरगुती निर्मिती हा छंद कमी आणि गरज अधिक होती. मूळचे लखनऊचे, पण मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव मिळविलेले व्हॅन शिप्ली स्वतः आखलेली आठ तारांची विद्युत गिटार वाजवीत. बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंता व बासरीवादक. त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा विकसित केला आणि तो मैफलीपासून रियाजाच्या खोलीपर्यंत सर्वत्र पोहोचला. ही दोन नावे टिकली, कारण एकाकडे ध्वनिमुद्रिका होत्या व दुसऱ्याकडे कारखाना. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन वाद्यवृंदांसाठी ध्वनिवर्धक व इको यंत्रे जोडून देणाऱ्यांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांचे ज्ञान वह्यांत व हातांत होते. अमेरिकेतील आराखडे मासिकात छापले गेले म्हणून आज अभ्यासकाला मिळतात. आपल्याकडील अभ्यासकाला मौखिक साधनांवाचून पर्याय नाही आणि ती साधने वयोवृद्ध होत आहेत.

वाद्यवृंदांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका निवृत्त तंत्रज्ञांना प्रस्तुत लेखक भेटला, तेव्हा त्यांच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्याचे समजले. त्यांनी आठवणीने एका फझ सर्किटची आकृती पाकिटाच्या मागील बाजूस काढून दिली. दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रोध. चौथ्या रोधाचे मूल्य त्यांना आठवेना. तेथे त्यांनी जागा कोरी सोडली आणि एका जुन्या सहकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागले.