वाळवंटातला केर आणि तो उचलणारे हात



पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेला तळ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? पहाटे माउलींची पालखी हलते, दिंड्या आपापल्या क्रमाने लागतात आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या पताकांकडे असतात. मागे वळून पाहण्याची रीत वारीत नाही. पण विसरलेल्या पिशवीसाठी किंवा चुकलेल्या म्हातारीच्या शोधासाठी ज्यांना तळावर परत जावे लागले, त्यांना ते दृश्य ठाऊक आहे. काल रात्री जिथे जागर झाला तिथे पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, उष्टी ताटे, फाटक्या प्लॅस्टिकच्या खोळी पडलेल्या असतात आणि त्यात खाली वाकलेली दहा-बारा माणसे दिसतात. हा केर कुठे टाकायचा, त्याला कोणत्या नावाने ओळखायचे आणि तो कोणी उचलायचा, हे वेळोवेळी कोणीतरी ठरवत आले आहे. त्याचा इतिहास आपल्या वारीच्या इतिहासाला लागूनच चालतो, म्हणून तो आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या आजा-पणजाच्या वारीत केराचे प्रकार थोडे होते. पळसाची नाहीतर वडाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, तीन दगडांच्या चुलीची राख, बैलांचे शेण, एखादे फुटके मडके. पत्रावळी गुरे खात, शेण आणि राख शेतात जाई. ज्याच्या रानात तळ पडे त्याला ते खतच मिळे. पण म्हणून त्या काळी केराला नियम नव्हते असे समजू नका. नियम पक्के होते, फक्त ते वस्तूला नव्हते, माणसाला होते. मेलेले ढोर कोणी ओढायचे, मैला कोणी उचलायचा, हे गावगाड्यात जन्माने ठरत असे. चोखोबाराय मेलेली ढोरे ओढण्याचे काम वाट्याला आलेल्या समाजातले. त्यांच्या जोहाराच्या अभंगांत उष्ट्याचा उल्लेख येतो आणि आपण तो टाळाच्या ठेक्यावर म्हणून पुढे जातो. मंगळवेढ्याला बांधकामाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, आणि महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ, त्यांची समाधी झाली. ती मंदिराच्या बाहेर आहे, हे आपण रोज पाहतो.

इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या. १८५० च्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली आणि पुढे मुंबई इलाख्यासाठी १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा झाला. रस्ते झाडणे, घाण हलवणे, सार्वजनिक उपद्रव दूर करणे ही आता कायद्याने नगरपालिकेची कर्तव्ये ठरली. यात ‘उपद्रव’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. केर म्हणजे डोळ्यांना, नाकाला होणारा त्रास, आणि तो गावाबाहेर नेऊन टाकला की काम झाले, अशी ती समजूत होती. पंढरपुरात या समजुतीमागे भीतीही होती. यात्रेत पटकी पसरे आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव जाई. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास पोचली, तेव्हा यात्रा वाढली आणि सरकारची चिंताही. यात्रेकरूंकडून कर घेतला जाई, त्यामागे सफाईच्या खर्चाचेही कारण होते. म्हणजे वारकऱ्याने आपल्या केराचे पैसे दिले. हात मात्र दुसऱ्याचेच लागले. अनेक नगरपालिका मैला राखेत मिसळून, खड्ड्यांत मुरवून सोनखत म्हणून शेतकऱ्यांना विकत. गावगाड्यातले काम पगारी झाले, पण त्या पगाराच्या जागी माणसे भरली गेली ती बहुतेक जुन्याच जातींतली.

याच काळात खराटा घेऊन एक माणूस पंढरीत येत असे, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी, आपले गाडगेबाबा. गावात शिरताच ते कोणाला न विचारता रस्ता झाडायला लागत. लोक आधी बघत राहत, मग लाजून हात लावत, आणि संध्याकाळी त्याच स्वच्छ झालेल्या जागेवर कीर्तन होई. देवळात जाण्याची त्यांना ओढ नव्हती. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधल्या. ज्यांना इतर धर्मशाळांच्या ओट्यावरही जागा मिळत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पंढरीचे रस्ते झाडणाऱ्यांना पांडुरंगाचे दर्शन तोवर बंदच होते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषणाला बसावे लागले. बाबा डिसेंबर १९५६ मध्ये गेले. २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. नाव देणे सोपे होते. बाबांनी झाडायला सुरुवात स्वतःपासून केली होती.

स्वातंत्र्यानंतर १९६५ चा राज्याचा नगरपरिषद कायदा आला, तरी पद्धत जुनीच चालली. हाताने मैला उचलायला लावणे बेकायदा ठरवणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो पुरला नाही, म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. मग वारीच्या दिवसांत पंढरपुरात हे काम अजून माणसांकडून करून घेतले जाते, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली. २०१४ च्या सुमारास न्यायालयाने शौचालयांच्या सोयीविषयी प्रशासनाला आदेश दिले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू-राहुट्या उभारण्यावर बंधने घातली. आपल्याला ते लागले. वाळवंट हे आपल्या भजनाचे अंगण, तिथून आपल्याला उठवतात कसे, असे कितीतरी फडांवर बोलले गेले. मीही तसे बोललो आहे. पुढे भजन-कीर्तनासाठी ठरावीक दिवसांची सवलत मिळाली आणि राहण्यासाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ झाला. आपण अंगण गेल्याचे दुःख केले ते खोटे नव्हते. पण त्या अंगणात पहाटे टोपली घेऊन कोण उतरत होते, हे तेव्हा आपल्या बोलण्यात फारसे आले नाही.

आता कचऱ्याच्या प्रकारांकडे येऊ. घनकचऱ्याचे देशभराचे नियम प्रथम २००० साली झाले, आणि २०१६ च्या नियमांनी केराचे तीन भाग करून तो ज्याच्या घरी निर्माण होतो त्यानेच वेगळा ठेवावा असे सांगितले: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. हे घातक म्हणजे कारखान्यातले काही नव्हे. बॅटरीचे संपलेले सेल, मुदत संपलेली औषधे, साखरेच्या आजाराच्या इंजेक्शनच्या सुया, हे सगळे आपल्या पडशीत असते. दिंडीत सत्तरीचे किती जण चालतात ते पाहा, म्हणजे कळेल. बायाबापड्यांच्या सॅनिटरी पॅडसाठीही नियम आहे: ते नीट गुंडाळून द्यावे. उचलणाऱ्याला ते उघडे हाताळावे लागू नये, हे त्यामागचे साधे कारण. रस्त्यावर, नाल्यात, नदीत केर टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. आणि परवाना नसलेल्या जागी शंभरांहून जास्त माणसे जमवायची असतील तर निदान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे, आणि वर्गवारी करून केर हाती द्यायचा, ही जबाबदारी जमवणाऱ्याची. यापेक्षा मोठ्या दिंड्या आपल्यात कितीतरी आहेत.

प्लॅस्टिकचे आपण अनुभवलेच. २३ मार्च २०१८ ला राज्याने पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी आणली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर जूनअखेर अंमल सुरू झाला आणि २३ जुलैला आषाढी होती. अन्नदात्यांची धांदल उडाली, कारण ताटे आधीच घेऊन ठेवलेली. त्या निमित्ताने काही ठिकाणी पत्रावळ परत दिसली. पण आजच्या पत्रावळीला पुष्कळदा आतून चकचकीत थर असतो, तो गुरांच्या पोटात जातो आणि पानांची समजून आपण ती शेतात सोडतो. विकत घेताना पत्रावळ वाकवून, थर सुटतो का ते नखाने पाहावे.

आमच्या दिंडीच्या ट्रकला गेली काही वर्षे दोन पोती बांधलेली असतात, एक ओल्याचे आणि एक सुक्याचे. तिसरा, झाकणाचा पत्र्याचा डबा सुया आणि सेलसाठी. पहिली दोन पोती मुक्कामाच्या गावात घंटागाडी आली की देता येतात. डब्याचे काय करायचे, हे मात्र दर मुक्कामाला विचारावे लागते आणि बहुतेक गावांत उत्तर मिळत नाही. मागच्या खेपेस तो पंढरीपर्यंत तसाच आला आणि काल्यानंतर परत आमच्या गावी गेला. आपल्या दिंडीने याची काही सोय लावली असेल तर या मासिकाकडे जरूर लिहून कळवावे.